डोहाचा वाटा

वैशाख अर्ध्यावर आला की कुंडाच्या वाडीचा ओढा वाहायचा थांबतो. दगडांमधून एक ओली रेघ तेवढी उरते आणि ती रेघ जिथे संपते तिथे डोह आहे. काळ्या कातळाची उतरती वाटी, काठाला जांभळाची झाडं आणि तळाशी पाण्याने गोल घासून कोरलेले रांजण. रस्ता वाडीच्या वरच संपतो. तिथून खाली डोहापर्यंत हाकेच्या अंतराची पायवाट.

त्या सकाळी दामिनी मुरबाडहून शेअर जीपने आली. सापगावची मुलगी, मुरबाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, बोलायला कमी आणि बघायला तेज. सामान साधंच होतं: बारीक विणीचं जाळं, वजनकाटा, रबरी हातमोजे, दोन टब आणि आईने बळेच दिलेला लोणच्याचा डबा. पायवाटेच्या तोंडाशी भगीरथची पिकअप सावलीत उभी होती. मागे ताडपत्रीखाली गोणी. ताडपत्रीने गोणी झाकल्या होत्या, वास झाकला नव्हता. दवाखान्याच्या फरशीला येतो तसला वास.

"आणल्यात वाटतं," दामिनी म्हणाली.

"आणाव्या लागल्या, बाई." भगीरथ खालच्या गावचा भातशेतीवाला, ग्रामपंचायतीचा उपसरपंच. "ठराव झालाय. संध्याकाळी तुमी सांगायचं. एक जरी मांगूर राहिला असंल तर पावडर सोडायची. पावसात ओढा चालू झाला का हे सगळं जातं काळू नदीत. मग खालचे लोक मला धुतील."

त्याचं काही चुकत नव्हतं. पावडरीचा सल्ला दामिनीनेच दिला होता, आणि देताना तिला झोप लागली नव्हती. ब्लीचिंग पावडर पाण्यात गेली की मांगूर मरतो, पण सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी मुऱ्या मरतात, शिंगटी मरते, वाम मरते, चिंबोऱ्या, बेडूक, पाणकिडे, सगळं मरतं. उरतं ते स्वच्छ दिसणारं पाणी. म्हणून तिने एक दिवस मागून घेतला होता. वाडीने डोह हाताने रिकामा करायचा आणि तिने तपासायचा. वाडीचा पावसाळा या डोहावर निघतो. लावणीच्या दिवसांत, हाताला काम असतं पण घरात काही नसतं तेव्हा, संध्याकाळचं कालवण इथून येतं. ते राहणार की जाणार, हे आज ठरायचं होतं.

बाजारात या माशाला थाई मांगूर म्हणतात. मूळचा तो आफ्रिकेतला. आपला मांगूर वीतभर, लाजरा, चिखलात तोंड खुपसून राहणारा. हा माणसाच्या पोटरीएवढा होतो, हवा गिळून जगतो, ओल्या गवतातून सरपटत दुसरं पाणी गाठतो आणि पुढ्यात येईल ते खातो. पाळायला बंदी आहे, तरी बाजारात वळवळताना दिसतोच. दामिनीने उन्हाळ्याच्या सुरुवातीला इथले काही चिरून पाहिले होते. पोटात बेडूक निघाले, गोगलगायी निघाल्या, पाणकोंबडीची पिसं निघाली. एकाच्या पोटात चपलेचा अंगठा.

तो डोहात आला कसा, हे वाडीत कुणी लपवत नव्हतं.

इथे वर्षातून एकदा डोह डहुळतात. सगळी वाडी पाण्यात उतरते, पायाने गाळ ढवळते, आणि गढूळ पाण्यात मासे हाताने चाचपून धरते. मग दगडावर मासे ओतून चुलीमागे एक असे वाटे घालतात. वर एक वाटा डोहाचा. तो जिवंतच लागतो आणि तो परत पाण्यात सोडतात. शास्त्राच्या दृष्टीनेही उत्तम रीत, बियाणं राखून ठेवण्यासारखी. दामिनी वर्गात तिचं उदाहरण द्यायची. पण मागे एका वर्षी मासे थोडे मिळाले, आणि मिळाले तेही वाटे पडेपर्यंत उन्हाने मेले. डोहाचा वाटा रिकामा कसा ठेवायचा? वाडीतले म्हादू आणि लखमा सरळगावच्या बाजारात धावले. तिथे बर्फातले मासे ढिगाने होते. जिवंत मासा एकाच जातीचा होता, निळ्या ड्रममधला हा मांगूर. त्याची जोडी आणली, हळद लावली, गाणं म्हटलं आणि सोडली.

"पाव्हणा म्हनून आणला," म्हादूची आई धोंडीबाई म्हणायची, "नि घरच खाऊन बसला."

आज डोह बघण्यासारखा झाला होता. इंजिन लावून पाणी कमरेखाली आणलं होतं. उपसलेलं पाणी म्हादूच्या वांग्यांना गेलं होतं आणि वांगी, लखमाच्या शब्दांत, "आंघोळ करून नटली" होती. डोहाच्या तोंडाला जाळं बांधलेलं. काठावर नाचणीच्या भाकऱ्यांची टोपली, मिरचीचा ठेचा, लसणाची चटणी. बायकांनी लुगडी वर खोचली होती, पुरुष बनियनवर होते, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते.

"ऐका," दामिनी दगडावर उभी राहून म्हणाली. "काळा, मिशीवाला, मोठा तो सगळा बाहेर काढायचा. बाकी काही सापडलं तर हात उघडायचा. आणि मांगूर एकही जिवंत परत जाता कामा नये."

"मेलेला चालंल का?" लखमाने विचारलं. हा वाडीचा विनोदी. नवरदेवालाही मांडवात रडेपर्यंत हसवलेला.

"चालेल."

"आनी शिजलेला?"

"शिजवा, भाजा, वाळवा. जिवंत नको."

"म्हंजे माझ्यावानी," लखमा म्हणाला. "मी पन घरात जिवंत नकोच वाटतो हिला."

त्याच्या बायकोने त्याच्या पाठीवर चिखलाचा गोळा हाणला आणि तोच आरंभ ठरला. सगळे पाण्यात उतरले. पायांनी गाळ उठला, पाणी चहासारखं झालं, मग कोकोसारखं. बायकांनी ताल धरला. म्हादूने पहिला मांगूर काढला आणि डोक्यावर धरून नाचवला. माशाने शेपटीने त्याच्या कानशिलात अशी दिली की पलीकडच्या काठावर ऐकू गेली.

"दे, अजून एक दे!" धोंडीबाई काठावरून ओरडली. "मला जमलं नाय ते त्यानं केलं!"

दामिनी काठावर मासे मोजून लिहिणार होती. पण म्हादूची बायको मंगळी कुणाला काठावर राहू देत नसे. "काय बाई, नुसत्या बघता? मासा काय फळ्यावर येनार हाय?" असं म्हणून तिने दामिनीचा हात धरून ओढला. पाणी वर ऊबदार होतं, गुडघ्याखाली गार. हातमोजे घालून काहीच कळेना. दामिनीने ते काढून काठावर फेकले, मंगळीच्या शेजारी वाकली आणि हात गाळात घातले. कोपरापर्यंत मऊ, थंड लोणी. बोटांना दगड लागले, मुळ्या लागल्या, एक शिंपला लागला.

मग तिच्या तळहातावर मासा आला.

मोठा होता. डोकं आधी आलं, चपटं आणि गुळगुळीत, मग धड. तिची बोटं आपोआप मिटली आणि तिने तो वर काढला. सगळ्यांनी आरोळी ठोकली. दामिनी स्वतःशीच हसली. लहानपणी भोवरा पहिल्यांदा फिरला तेव्हा ती अशी हसली असेल. मासा मंगळीनेच तिच्या हातात सरकवला असणार.

"थँक्यू हां, मंगळी," ती म्हणाली.

"कशाचं?" मंगळी म्हणाली. ती दोन्ही हात डोक्यावर नेऊन सुटलेला अंबाडा बांधत होती.

दामिनीने माशाकडे पाहिलं. मांगुराच्या कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना करकरीत काटे असतात. घाबरला की तो ते ताठ करतो आणि हात फाडतो. म्हणून जाणती माणसं त्याला मागून धरतात, अंगठा आणि बोटांनी काटे अंगाशी दाबून. तिच्या हातात आला तेव्हा या माशाचे काटे दाबलेले होते. आता, टबात पडल्यावर, ते खटकन उघडले.

गढूळ पाण्यात दमलेला मासा निवाऱ्याला येतो, हाताची खोबण त्याला बिळासारखी वाटते. तिने स्वतःला हे समजावलं. पटण्यासारखं होतं. तिने पुन्हा हात घातला आणि पुन्हा मासा आला. तसाच. डोकं आधी, काटे मिटलेले.

तासाभरात टब भरले आणि दगडावर ढीग पडू लागला. इतका वेग कुणाच्याच आठवणीत नव्हता. एरवी चाचपडण्यात अर्धा दिवस जातो, हात रक्ताळतात, शिव्या ऐकू येतात. आज कुणाच्याही हाताला ओरखडा नव्हता. ढिगातून एक मांगूर निसटून गवतातून ऐटीत पाण्याकडे निघाला, तर धोंडीबाई सरळ त्याच्यावर बसली आणि खाली बघून म्हणाली, "बस आता. मी उठेस्तोवर." काठ हसून लोळायचा बाकी राहिला.

"गोदू, आज हात भारी चालतोय गो तुझा," लखमाची बायको शेजारणीला म्हणाली. "दर टायमाला माझ्या हातात आणून देतेस."

"मी?" गोदू म्हणाली. "मला तर तूच देतेस."

"मला म्हादूदादा देतो," कुणीतरी म्हणालं.

"मी कुणाला देत नाय," म्हादू म्हणाला. "मलाच भेटतात."

पाण्यात हारीने वाकलेली ओळ क्षणभर थबकली. मग सगळ्यांनी लखमाकडे पाहिलं. लखमा ओळीच्या टोकाला होता. त्याच्या एका हाताला गोदू, दुसऱ्या हाताला सरळ उभा कातळ. तो कातळाच्या बाजूच्या हाताने मासा वर काढत होता.

"काय बघताव?" तो म्हणाला. "मला दगड देतो. वळख हाय आमची जुनी."

सगळे हसले. पण थोडं उशिरा.

दामिनी हसली नाही. तिच्या मनात एक साधी गोष्ट आली, वर्गात मुलांना सांगते तशी. शंका आली की बाकी सगळं स्थिर ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलून पाहायची.

"सगळ्यांनी हात वर करा," ती म्हणाली. "पाण्याबाहेर. दोन्ही. मी एकटी हात घालते."

"शाळा भरली," लखमा पुटपुटला, पण त्यानेही हात वर केले. सगळी वाडी गुडघाभर चिखलात, हात आभाळाकडे. काठावर भगीरथही उभा राहिला. जांभळावर एक बुलबुल बोलत होता तो तेवढा ऐकू येत राहिला.

दामिनीने उजवा हात पाण्यात घातला. तळवा वर, बोटं सैल. गाळ हळूहळू बसत होता. एक थंड धार मनगटावरून गेली.

मग मासा तिच्या तळव्यावर ठेवला गेला. आला नाही, ठेवला गेला. डोकं, धड, वजन. आणि वजन पूर्ण तिच्या हातात येईपर्यंत माशाखाली अजून काहीतरी होतं. ते तिच्या बोटांना घासून, एकामागून एक, मागे सरकलं. चार आणि एक अंगठा.

तिने मासा वर काढला. सगळ्यांचे हात अजून वरच होते.

"काय झालं?" भगीरथने विचारलं.

"मासा दिला कुणीतरी," दामिनी म्हणाली.

कुणीतरी पाण्याबाहेर निघायला पाय उचलला. तेवढ्यात धोंडीबाई हसली. मोठ्याने, पोटातून, बुडाखालच्या मांगुरासकट हलत.

"मग घ्या की!" ती म्हणाली. "इतकी वर्सं आपुन डोहाला देतोय, कधी लाजलो का? आज तो देतोय तर तुमची बोटं जळतात? घ्या मुकाट्यानं. संध्याकाळ व्हायची थांबनार नाय."

भगीरथच्या पिकअपमधून पावडरीचा वास आला. त्याने काम केलं. मंगळी आधी वाकली, मग म्हादू, मग सगळी ओळ.

त्यानंतर जे झालं त्याला दामिनीने नंतर सणच म्हटलं असतं, कुणी विचारलं असतं तर. भीती अर्धी घटकाही टिकली नाही. हातात मासा पडला की लोक वाकून "बरं" म्हणू लागले. मग "अजून" म्हणू लागले. लखमा तर भाव करू लागला. "हा बारका हाय, मोठा दे. हां, आसा! लगनाला न्यायला चालंल हा!" गोदूने गाणं धरलं, नवऱ्याला नावं ठेवायचं, हळदीतलं, आणि बायकांनी त्यात मांगुराचं नाव घातलं. भगीरथने बराच वेळ काठावर धीर धरला. मग पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, फोन धोंडीबाईच्या ओटीत टाकला आणि उतरला. पहिला मासा हातात पडला तेव्हा तो लहान पोरासारखा किंचाळला आणि दुसऱ्याच्या वेळी त्याने स्वतःच हात पुढे केला.

आणि एकही आपला मासा हातात येत नव्हता. शिंगटी नाही, वाम नाही, मुऱ्या नाहीत. त्या पायांना गुदगुल्या करून जात होत्या, म्हणजे होत्या. पण हातात पडत होता तो फक्त मांगूर. निवडून.

दुपारी दामिनी पाठ टेकायला कातळाला रेलली. कान दगडाला लागला. दगड उन्हाने तापला होता, आणि दगडाच्या आत, किंवा दगडाच्या पलीकडे, बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते. पण लय ओळखीची होती. पाण्यात बरीच माणसं एकत्र काम करत असली की जशी असते तशी. चेष्टा, हाका, मधेच ताल. तिने कान काढला तर इकडचं बोलणं. लावला तर तिकडचं.

पाण्यातून आवाज लांब जातो, दगडावर आपटून परत येतो. हेच असणार. प्रतिध्वनी.

"मंगळे," लखमा तिकडे सांगत होता, "माझा आजा एकदा या डोहात पडला, नि वर आला तर त्याच्या हातात..."

दगडातून हसू फुटलं. मोकळं, अनेकांचं.

"...दुसऱ्याच आजाची तपकिरीची डबी!" लखमाने विनोद पुरा केला, आणि मग इकडे सगळे हसले.

दामिनी दगडापासून हळूच दूर झाली. प्रतिध्वनी आधी येत नाही.

उन्हं कलली तसे मासे थांबले. एकाएकी. सगळ्यांचे हात पाण्यात तसेच पसरलेले राहिले आणि रिकामे राहिले. हळूहळू गाळ बसला, आणि निवळत्या पाण्यात, जांभळाच्या मुळीखालून, एक मरळ बाहेर आली. तिच्यापुढे तांबड्या पिल्लांचा ढग. कुंकू पाण्यात सांडावं तसा तो पसरायचा, आवळायचा, आणि आई त्याच्याखाली पहाऱ्याला. या डोहात कुणी मरळीची पिल्लं पाहून बरीच वर्षं झाली होती. मांगुराच्या राज्यात ती अर्धा दिवस जगली नसती. मंगळी हलकेच मागे सरकली, त्यांना वाट द्यायला, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी वाट दिली. बायकांनी हात जोडले. भगीरथने डोळे पुसले आणि चिखल गेला म्हणाला.

दामिनीने जाळं फिरवलं. पुन्हा फिरवलं. मुऱ्या निघाल्या, झिंगे निघाले, एक वीतभर देशी मांगूर निघाला. तो तिने तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला, जसं बाळ दाखवतात, आणि सोडला. मोठा एकही नाही.

काठावर वाटे पडले. चुलीमागे एक. मांगूर एवढे होते की केळीची पानं कमी पडली. धोंडीबाईने डोहाच्या वाट्याचं पान मांडलं, त्याकडे पाहिलं आणि उचलून त्याची पुन्हा घडी घातली.

"यंदा त्याला हे नको," ती म्हणाली. "त्यानंच परत केलाय."

बायका मासे साफ करायला बसल्या. कुणी मसाला वाटायची बोली करत होतं, कुणी भात कुणाकडे चढवायचा यावरून भांडत होतं.

"बाई!" भगीरथ पिकअपपाशी जाऊन उभा राहिला होता. त्याचा हात ताडपत्रीवर होता, आणि तो हात तिथे असल्याचं त्याला आवडत नव्हतं. "मला सांगायला पायजे. खात्री पायजे. झालं ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. झालं, असं म्हणायला दामिनीचं तोंड उघडलं होतं. पण कातळाच्या पायथ्याशी एक रांजण होता, तोंडाने अरुंद, आत खोल, जिथे जाळं जात नव्हतं. त्यात एक जोडी जरी राहिली तरी पुढच्या वर्षी पुन्हा हेच. खोटं बोलून वाडी वाचणार नव्हती.

"थांबा," ती म्हणाली.

ती कातळावर पालथी झोपली. गाल दगडावर. आता दगडात काही ऐकू येत नव्हतं. तिने हात रांजणात घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांदा कडेला टेकला. आत पाणी नितळ आणि फार गार होतं.

तळ लागला नाही.

तिने तळवा वर केला आणि वाट पाहिली.

आता जर मासा आला तर तिला तो वर काढावा लागेल, आणि भगीरथला ताडपत्री सोडावी लागेल.

"कुणी उरलाय का?" ती हळू आवाजात म्हणाली. कुणाला विचारतेय, हे तिने मनात ठरवलं नव्हतं.

तिच्या तळव्यावर एक तळवा टेकला.

उघडा. रिकामा. तो तिच्या तळव्यावरून सावकाश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरला. काही नाही, बघ, असं दाखवताना फिरवतात तसा. मग त्याने तिची बोटं एकदा दाबली.

तो हात गरम होता.

आणि आणखी एक. दिवसभर पाण्यात राहून दामिनीच्या बोटांची टोकं मनुकांसारखी सुरकुतली होती. वाडीत सगळ्यांचीच सुरकुतली होती. जिवंत कातडी पाण्यात राहिली की असं होतंच. त्या हाताची बोटं गुळगुळीत होती. आत्ताच कोरड्यातून पाण्यात घातल्यासारखी.

तो हात गेला.

ती उठली.

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

"नक्की?"

"नक्की."

भगीरथने ताडपत्रीची दोरी पुन्हा आवळली. काठावर जो गलका उठला तो पार खालच्या गावापर्यंत गेला असेल. म्हादूने आईला तिच्या हातातल्या मांगुरासकट उचललं. लखमाने भगीरथच्या गळ्यात मासा घातला. गोदूने गाणं जिथे सोडलं होतं तिथून उचललं. मंगळी पळत आली, दामिनीला मिठी मारली आणि दोघींना चिखल लागला. दामिनी हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती, आणि उजवी मूठ तिने का कोण जाणे मिटूनच ठेवली होती.

बायका पातेली घ्यायला वाडीकडे निघाल्यावर तिने ती उघडली.

तळव्याला भाताचं एक शीत चिकटलं होतं. तांबूस, टपोरं, अजून गरम.

दामिनीने वर पाहिलं. इकडे भात अजून चढायचाच होता; वाडीच्या एकाही घरातून धूर निघत नव्हता.